देणाऱ्याच्या नावाचा रकाना

१९ एप्रिल १९६८. फिलाडेल्फियात बॉस्टनविरुद्धच्या बास्केटबॉल मालिकेतला निर्णायक सातवा सामना सुरू होता. विल्ट चेंबरलेन या सात फुटांहून उंच खेळाडूनं सहाच वर्षांपूर्वी एका सामन्यात एकट्यानं १०० गुण केले होते. त्या दिवशी उत्तरार्धात मात्र त्यानं बास्केटवर फक्त दोनदा बॉल टाकला. बॉल हातात आला की तो सहकाऱ्याकडे द्यायचा आणि सहकाऱ्याचा नेम चुकायचा. शेवटी शेवटी तर बॉल त्याच्यापर्यंत फारसा पोचेनाच. फिलाडेल्फिया चार गुणांनी हरली. जन्मभर ज्याला स्वार्थी म्हणून हिणवलं, त्याच्यावर आता उलटा आरोप आला: ऐन वेळी यानं अंग काढून घेतलं.

सुपरस्टार निःस्वार्थी असू शकतो का, या प्रश्नावर अमेरिकेत पुस्तकं लिहिली गेली. आमच्या नागपुरात तोच प्रश्न संध्याकाळी कोर्टाच्या कडेला उभी असलेली पोट्टी चार शब्दांत निकाली काढतात: ‘एकटाच खेळते बे हा!’ गंमत अशी की खेळ जन्माला आला तेव्हा हा प्रश्न नव्हताच. एकट्यानं खेळण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती.

डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकाला हिवाळ्यात बंद हॉलमध्ये खेळता येईल असा खेळ हवा होता. लाकडी फरशीवर रग्बीसारखी पाडापाडी झाली तर हातपाय मोडणार. माणसं एकमेकांना पाडतात, कारण समोरचा बॉल घेऊन पळत असतो. मग पळणंच काढून टाकलं तर? त्याच्या तेरा नियमांपैकी एक तोच होता: बॉल जिथं झेलला, तिथूनच टाकायचा. पहिल्या सामन्यात दोन्ही बाजूंना नऊ-नऊ जण होते, कठड्याला पीचच्या टोपल्या टांगलेल्या होत्या आणि निकाल लागला १–०. म्हणजे पास देणं हा त्या काळी सद्गुण नव्हता, ती सक्ती होती. चांगुलपणा नियमात लिहिलेला असला की तो कुणाच्या स्वभावात आहे, हे कळायला मार्ग उरत नाही.

पळवाट खेळाडूंनीच शोधली. चहूकडून कोंडी झाली की बॉल जमिनीवर टाकायचा आणि पुन्हा आपणच उचलायचा. १८९७ च्या सुमारास येल विद्यापीठाच्या संघानं या युक्तीचं डावपेचात रूपांतर केलं आणि ड्रिबल जन्माला आला. त्याचा धोका जाणत्यांना लगेच दिसला असावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही वर्षं असा नियमच होता, की ड्रिबल करत आलेल्यानं स्वतः बास्केट करायचा नाही, बॉल दुसऱ्याला द्यायचा. माझ्या मते बास्केटबॉलच्या इतिहासातला हा सर्वांत विचारी नियम. तो टिकला नाही. टिकला असता तर सुपरस्टार नावाचा प्राणी या खेळात आला नसता आणि प्रेक्षकही बहुधा आले नसते.

मग देणाऱ्याची भरपाई म्हणून आकडा आला. १९४६-४७ च्या हंगामापासून, म्हणजे जी पुढे एनबीए झाली त्या लीगच्या पहिल्याच वर्षापासून, असिस्टची अधिकृत नोंद होऊ लागली. ज्याच्या पासवर बास्केट झाला, त्याच्या नावावर एक. यात दोन खोटी आहेत. एक, पास कितीही सुंदर असला तरी पुढच्याचा नेम चुकला तर देणाऱ्याला शून्य. दुसरी, कोणता पास ‘कारणी लागला’ हे टेबलाशी बसलेला स्कोअरर ठरवणार. तरी रकाना आला आणि रकाना आला की हाव आली.

चेंबरलेनची खरी कथा इथं आहे. १९६१-६२ मध्ये त्यानं सामन्यामागे ५०.४ गुण काढले, आजवर त्याच्या आसपासही कुणी फिरकलेलं नाही. पण विजेतेपद बॉस्टनला, बिल रसेलच्या संघाला. मग १९६६-६७ मध्ये प्रशिक्षक अ‍ॅलेक्स हॅनम यांनी त्याला कमी शॉट मारायला राजी केलं. आदल्या वर्षीची ३३.५ ची सरासरी २४.१ वर आली, संघानं ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि चेंबरलेनला पहिलं विजेतेपद मिळालं. इथंच थांबला असता तर तात्पर्यकथा झाली असती. पण पुढच्या हंगामात त्यानं ठरवलं, की आता असिस्टमध्येही पहिला नंबर काढायचा. ७०२ असिस्टसह लीगमधली सर्वाधिक संख्या त्यानं गाठलीही. त्याच हंगामाच्या शेवटी तो सातवा सामना आला. आधी गुण मोजणारा माणूस नंतर उपकार मोजू लागला होता, एवढाच फरक. दान केल्याचा फलक देवळाच्या पायरीवर लावणारी माणसं आपल्याकडेही कमी नाहीत.

मायकेल जॉर्डनची गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे, की ओझरता उल्लेख पुरे. प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि टेक्स विंटर यांनी त्याला पाचही जण बॉल हाताळतील अशा रचनेत बसवलं; १९९१ च्या अंतिम मालिकेत त्याच्या पासवर जॉन पॅक्सननं आणि १९९७ मध्ये स्टीव्ह करनं मोक्याचे शॉट मारले. जॉर्डन मात्र गुण करायचा थांबला नव्हता.

भारतात हा खेळ वायएमसीएच्याच वाटेनं आला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ मध्ये नेबरहूड हाउस सुरू केलं.  त्याच गरीब, दाटीवाटीच्या वस्तीतून भारताच्या संघात एकामागून एक खेळाडू गेले. अब्बास मुंतसिर त्यांतला सर्वांत झगमगता. भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. पण तिथलं मैदान ओळखलं जातं ते मुलांना शिकवणाऱ्या बच्चू खान यांच्या नावानं. वस्तीनं केलेला हा हिशेब मला आवडतो.

सुपरस्टार निःस्वार्थी असू शकतो का, या प्रश्नाचं नागपुरात सगळ्यात चांगलं उत्तर मिळालं ते मात्र बास्केटबॉलमध्ये नव्हे, क्रिकेटमध्ये. वसीम जाफर हा रणजीच्या इतिहासात सर्वाधिक धावा करणारा फलंदाज, मुंबईचा माजी कर्णधार, जन्मभराचा सलामीवीर. तो विदर्भाकडे आला आणि तिसऱ्या क्रमांकावर खेळू लागला. सलामीला फैझ फझल आणि संजय रामास्वामी. आदल्या हंगामात दुखापतीमुळे खेळता आलं नव्हतं म्हणून २०१७-१८ मध्ये जाफर मानधन न घेता खेळला. त्या वर्षी कर्णधार फझलच्या धावा ९१२, जाफरच्या ५९५. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीची हॅटट्रिक, यष्टिरक्षक अक्षय वाडकरचं शतक आणि जाफरच्या ७८. विदर्भाचा हा पहिला रणजी करंडक.

इथं कुणी म्हणेल, मोठा खेळाडू मागे सरला म्हणून संघ जिंकला. तसं नाही. पुढच्याच हंगामात, चाळिशी गाठलेल्या जाफरनं १०३७ धावा काढल्या आणि जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून विदर्भानं करंडक नागपुरातच राखला. चेंबरलेननं देण्यासाठी आपला शॉट सोडला. जाफरनं आपली जागा सोडली, बॅट नाही सोडली. सुपरस्टार निःस्वार्थी असू शकतो, पण शॉट न मारणं हा त्याचा पुरावा नव्हे. सगळ्यात चांगला नेम ज्याचा, त्यानं नेम न धरणं ही संघाशी केलेली फसवणूकच आहे.

पुन्हा कोर्टाकडे येऊ. शिवाजीनगर जिमखान्यासारख्या क्लबांनी नागपुरात बास्केटबॉल जिवंत ठेवला. सिया देवधर याच शहरातून भारताच्या संघात गेली. पण आपल्या जिल्हा आणि शालेय स्पर्धांच्या टेबलावरचा ठरावीक स्कोअरशीट कधी हातात घेऊन बघा. कुणी किती बास्केट केले ते त्यात आहे, कुणी किती फाउल केले तेही आहे. पास देणारा, स्क्रीन लावून वाट मोकळी करणारा कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं तेही तेवढंच, आणि मुलं तेच कात्रण जपून ठेवतात. स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती एवढीच, की शीटच्या शेजारी एक साधा कागद ठेवा, एखाद्या ज्युनिअर खेळाडूला पेन्सिल द्या आणि बास्केट कुणाच्या पासवर झाला, स्क्रीन कुणी लावला, हे लिहायला सांगा. चेंबरलेनसारखी आकड्यांची हाव सुटेल ही भीती खरी आहे, पण ती पुढची गोष्ट. आज देणाऱ्याचं नाव लिहिलंच जात नाही.