तळघराची जमीन : जलरोधन व रंगकाम

तळघराच्या काँक्रीटमधून वर येणारी ओल थोपवणे आणि मग त्या जमिनीला टिकाऊ रंग देणे, ही दोन स्वतंत्र कामे आहेत. व्यवहारात ती एकच मानली जातात. ‘वॉटरप्रूफ’ रंगाचा डबा आणून ओल्या जमिनीवर फिरवला जातो आणि पावसाळ्यात पोपडे निघतात.

काँक्रीट कठीण असले तरी अभेद्य नसते. सिमेंट घट्ट होताना न वापरले गेलेले पाणी मागे सूक्ष्म नलिका ठेवून जाते व त्यांतून जमिनीतली ओल वर चढते. भूजलाची पातळी तळघराच्या जमिनीहून वर गेली की दाबाचीही भर पडते : पाणी १ मीटर वर असेल, तर दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब खालून लागतो. दख्खनच्या काळ्या खडकात खोदलेल्या तळघराची अडचण आणखी वेगळी. कडेच्या भरावातून उतरलेल्या पावसाच्या पाण्याला खाली मुरायला वाट नसते. ते बांधकामाभोवतीच साचून राहते. म्हणून मे महिन्यात ठणठणीत दिसणारी जमीन ऑगस्टमध्ये पाझरू शकते.

आधी ओल कुठली, ते पाहावे. सुमारे ४५ सेंमी. चौरस पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करतात आणि किमान १६ तासांनी पाहतात. प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब धरले किंवा काँक्रीट काळपटले, तर पाणी जमिनीतून येत आहे. थेंब वरच्या अंगाला असतील, तर दमट हवा गार जमिनीवर घामेजते आहे. तिथे जलरोधनाचा खर्च व्यर्थ, हवा खेळती ठेवावी. ही चाचणी भर पावसाळ्यात केलेली बरी.

जलरोधन बाहेरून केलेले सर्वांत भरवशाचे, कारण तिथे पाण्याचा दाब थराला काँक्रीटवरच रेटतो. महाराष्ट्रात रूढ असलेल्या ‘बॉक्स वॉटरप्रूफिंग’मध्ये स्लॅबच्या आधी जलरोधक मसाल्यात खडबडीत शहाबादी फरशी बसवून सांधे भरतात आणि भिंतींनाही बाहेरून तीच लावतात. मसाल्यात मिसळायच्या जलरोधक द्रव्यासाठी आयएस २६४५ हे भारतीय मानक आहे. इमारत उभी राहिल्यावर मात्र आतूनच इलाज करावा लागतो. भेगा व भिंत-जमिनीचा सांधा उकरून त्यांत नळ्या बसवतात आणि पाणी लागताच फुगणारे पॉलियुरेथेन दाबाने भरतात. स्फटिकी लेप काँक्रीटमधील चुन्याशी व पाण्याशी संयोग पावून छिद्रांत न विरघळणारे स्फटिक तयार करतो. त्याला ओल हवीच असते, त्यामुळे जमीन भिजवूनच तो लावतात. दाब फार असेल, तर पाणी खड्ड्यात गोळा करून पंपाने काढण्यावाचून गत्यंतर नाही.

रंगासाठी नवे काँक्रीट निदान २८ दिवसांचे असावे. पृष्ठभागावरची सिमेंटची भुसभुशीत साय यंत्राने घासून काढतात. आम्लाने धुण्याची जुनी पद्धत तळघरात टाळावी : वाफा कोंडतात आणि धुण्याचे पाणी जमिनीतच मुरते. पांढरा लोणा फुटला असेल, तर कोरड्या ब्रशने झाडावा; पाण्याने धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

सर्वाधिक वापर दोन घटकांच्या इपॉक्सीचा होतो. जाड इपॉक्सी बाष्प जाऊ देत नाही आणि ओल शिल्लक असेल तर तेच अंगाशी येते. क्षारयुक्त पाणी परासरणाने थराखाली जमते व रंगाला लहान, टणक फुगे येतात. फुगा टोचला की आतला द्रव दाबाने बाहेर येतो. तो बहुधा अल्कधर्मी असतो. थोडी ओल राहणारच असेल, तर बाष्प जाऊ देणारे पाण्यातले इपॉक्सी किंवा ओल सोसणारा प्रायमर निवडावा. जमिनीचे तापमान दवबिंदूहून किमान ३ अंश से. वर नसेल, तर रंगकाम पुढे ढकलावे. घटक एकत्र केल्यावर मिश्रण बादलीत तापून लवकर आळते, म्हणून लागेल तेवढेच कालवतात. द्रावकयुक्त रंगाच्या वाफा हवेहून जड असल्याने तळाशी साठतात. त्या खालूनच बाहेर खेचाव्या लागतात आणि रंग पुरता वाळेपर्यंत तळघरात ज्योत किंवा ठिणगी पडू देता येत नाही.