फुप्फुस शस्त्रक्रिया, वक्षदर्शकीय : रक्तस्राव-नियंत्रणाचा इतिहास

बरगड्यांमधील लहान छेदांतून दर्शक व उपकरणे आत घालून फुप्फुसाचा रोगट भाग काढून टाकण्याच्या क्रियेस वक्षदर्शकीय फुप्फुस शस्त्रक्रिया म्हणतात. तीमध्ये छाती रुंद उघडली जात नसल्याने शस्त्रक्रियातज्ञाच्या हाताला आत वाव नसतो. त्यामुळे रक्तस्राव आवरणे हा या पद्धतीपुढील मूलभूत प्रश्न ठरला.

हृदयाच्या उजव्या निलयातून निघणारे सर्व रक्त, म्हणजे प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे ५ लिटर, फुप्फुस-रोहिणीतून जाते. या रोहिणीची भित्ती पातळ असून ती ओढली गेल्यास सहज फाटते व रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो. तथापि तीमधील रक्तदाब महारोहिणीतील दाबाच्या मानाने पुष्कळच कमी असल्यामुळे बोळ्याने दाबून धरल्यास रक्तस्राव बहुधा आटोक्यात येतो.

स्वीडिश वैद्य हान्स क्रिश्चन याकोबेउस (१८७९–१९३७) यांनी १९१० मध्ये मूत्राशयदर्शकाने छातीची पोकळी पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या काळी क्षयरोगात परिफुप्फुस-पोकळीत हवा भरून रोगट फुप्फुसास विश्रांती देत. फुप्फुस छातीच्या भित्तीस चिकटलेले असल्यास ते आकसत नसे. असे बंध याकोबेउस यांनी दर्शकातून पाहत विजेने तापविलेल्या तारेने तोडले. जाड बंधांत रक्तवाहिन्या असल्याने रक्तस्रावाचे भय तेव्हाही होतेच. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध लागला आणि पुढे औषधोपचार रूढ होताच ही क्रिया मागे पडली.

दरम्यान उघड्या छातीवरील शस्त्रक्रियेत प्रगती झाली. एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम यांनी १९३३ मध्ये कर्करोगग्रस्त संपूर्ण फुप्फुस काढताना त्याच्या मुळाशी सर्व वाहिन्या एकत्र बांधल्या. त्याच वर्षी विल्यम रीनहॉफ यांनी प्रत्येक वाहिनी सुटी करून बांधली. हेच तत्त्व पुढे सर्वमान्य झाले. भारतात वेल्लोर येथे रीव्ह बेट्‌स यांनी १९४९ मध्ये वक्ष-शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. १९५० नंतर सोव्हिएट संघात धातूच्या टाचण्यांनी वाहिन्या बंद करणारी उपकरणे प्रचारात आली.

लहान छेदातून आत जाणारी टाचणी-उपकरणे व व्हिडिओ कॅमेरा उपलब्ध झाल्यावर जानकार्लो रोव्हियारो यांनी १९९१ मध्ये मिलान येथे या पद्धतीने फुप्फुसखंड काढला.

रक्तस्राव होताच चिमट्याने आंधळेपणी वाहिनी पकडणे घातक ठरते, कारण त्यामुळे फाट वाढते. प्रथम बोळ्याने किंवा फुप्फुसाच्याच भागाने जखम काही मिनिटे दाबून धरतात. त्या अवधीत भूलतज्ञास सूचना देऊन रक्त सिद्ध ठेवतात. नंतर वाहिनीचा हृदयाकडील भाग मोकळा करून बांधतात किंवा फाट शिवतात. एवढ्याने भागत नसल्यास दाब तसाच ठेवून छाती उघडतात. असे करणे हे अपयश मानले जात नाही. विलंब मात्र जिवावर बेततो.

जुन्या क्षयरोगाने कठीण झालेल्या लसीका ग्रंथी रोहिणीस घट्ट चिकटतात. त्यामुळे क्षयरोग अद्याप विपुल असलेल्या भारतात हा धोका विशेष जाणवतो. ज्या रोगाच्या उपचारातून वक्षदर्शन जन्मास आले, त्याच रोगाचे व्रण आजही त्याची कसोटी पाहतात.