भाताच्या प्रजनन ओळींचे मूल्यमापन

संकरातून निघालेल्या, पण वाण म्हणून अजून प्रसारित न झालेल्या भाताच्या ओळींचे उत्पादन शेतात तपासणे आणि त्यांच्यातला किती फरक खरोखर आनुवंशिक आहे ते हिशेबाने वेगळे काढणे. भात स्वपरागित असल्यामुळे पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत एका ओळीतली झाडे बहुतांशी सारखी होतात. उत्पादनाची चाचणी साधारण तेव्हापासून घेतात. त्याआधी बियाणेही पुरत नाही.

ओळी यादृच्छिक गट रचनेत, बहुधा तीन पुनरावृत्तींत लावतात आणि शेजारी त्या भागातला रुळलेला वाण तुलनेला ठेवतात. ओळी शेकड्यांनी आणि बी मूठभर असेल, तर फेडरर यांची १९५६ची रचना सोयीची पडते: तुलनेचे वाण प्रत्येक गटात येतात, नवी ओळ एकदाच. एका चुडात बहुधा एकच रोप लावतात, कारण दोन रोपांचे फुटवे मिसळले की मोजणीला अर्थ उरत नाही. कडेच्या चुडांना उजेड आणि अन्न जास्त मिळते. ते सोडून आतल्या चुडांवर उंची, लोंबी धरलेले फुटवे, लोंबीतले भरलेले दाणे आणि पळींज मोजतात. निम्मे पीक केव्हा निसवले याची नोंद वेगळी होते. मळणीनंतर धान्याचे वजन १४ टक्के ओलाव्याला आणून धरतात. तसे न केल्यास उशिरा पिकणारी, ओली ओळ उगाच वरचढ ठरते.

पुढचा हिशेब समजा असा: ओळींचा सरासरी वर्ग ९०, त्रुटीचा ३०, पुनरावृत्ती ३. आनुवंशिक विचरण (९० − ३०) ÷ ३ = २०, एकूण विचरण ५०; म्हणून व्यापक अर्थाने आनुवंशिकता ४० टक्के. हेक्टरी सरासरी ५० क्विंटल असेल, तर आनुवंशिक विचरण गुणांक ९ टक्क्यांच्या आसपास आणि दृश्य गुणांक १४. दोहोंमधली ही दरी जमीन, पाणी आणि हवामानाची. वरच्या ५ टक्के ओळी निवडल्या तर २.०६ या गुणकाने अपेक्षित प्रगती सुमारे ५.८ क्विंटल निघते. जॉन्सन, रॉबिन्सन आणि कॉमस्टॉक यांनी १९५५मध्ये सोयाबीनच्या अभ्यासात वापरलेली ही रीत भातातही सर्रास चालते.

निसवण्याचे दिवस, उंची आणि हजार दाण्यांचे वजन या गुणांची आनुवंशिकता सहसा जास्त भरते. फुटवे आणि प्रत्यक्ष उत्पादन यांची कमी. त्यामुळे नुसत्या उत्पादनाच्या आकड्यावर ओळ उचलणे धोक्याचे. त्याहून मोठी फसगत एका ठिकाणच्या, एका हंगामाच्या आकड्यांत असते: त्यांत ओळ आणि परिसर यांची परस्परक्रिया आनुवंशिक विचरणातच मिसळून जाते आणि टक्केवारी फुगते. अशा चाचणीतली ९० टक्के आनुवंशिकता सावधपणेच वाचावी. भारतात १९६५पासून अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पात ओळी अनेक केंद्रांवर, टप्प्याटप्प्याने तपासल्या जातात, त्या याचसाठी. कोकणात कर्जतच्या गोड्या खाचरात पुढे असलेली ओळ पनवेलच्या खार जमिनीत टिकेलच असे नाही. तिथे क्षार सोसणाऱ्या ओळींची निवड निराळी करावी लागते.

या साऱ्या गणिताबाहेरही निवड झाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३च्या सुमारास ‘पटेल ३’ भातात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या राखून, पुढे वर्षानुवर्षे वाढवून ‘एचएमटी’ हा बारीक दाण्याचा वाण तयार केला.