राख, पाणी आणि अठ्ठावीस दिवस

तर झालं असं, की दिवाळीला भुसावळजवळच्या आमच्या घरी गेलो होतो. घरावर एक मजला चढवायचं बाबांच्या मनात गेली दोन वर्षं आहे. या वेळी गाडी विटांपर्यंत आली. मी सहज बोलून गेलो, "दीपनगरचं वीजकेंद्र हाकेवर आहे, राखेच्या विटा घेऊ या ना."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "घर बांधायचंय की घराची राखरांगोळी करायचीय?"

विषय संपला. निदान त्यांच्यापुरता.

बाबांचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. बारा वर्षांपूर्वी आजीसाठी मागच्या अंगणात एक खोली बांधली होती, राखेच्या विटांची. दुसऱ्याच पावसाळ्यात तिच्या भिंतींना ओल आली, तिसऱ्या वर्षी गिलाव्याचे पोपडे पडले, खालून लोणा लागला. आजीला दम्याचा त्रास. शेवटी ती पुन्हा माजघरात झोपायला लागली आणि त्या खोलीत गव्हाच्या कोठ्या गेल्या. तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, ही वीट लय पाणी पिते." ते वाक्य आमच्या घरात तेव्हापासून वेदवाक्य होऊन बसलंय.

आता माझी डिग्री सिव्हिलची आणि पोट जावावर. (हे वाक्य वाचून मान डोलावणारे किमान पाचजण मला माहीत आहेत.) काँक्रीटशी संबंध सुटून सहा वर्षं झाली. पण पुण्याला परत येताना डोक्यात किडा वळवळायला लागला. ही वीट खरंच जास्त पाणी पिते का? आणि पीत असेल, तर त्यात राखेचा दोष किती? पुढचे तीन वीकांत त्यात गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात दोन हजार वर्षं मागून करावी लागते. इटलीत नेपल्सच्या उपसागराकाठी पोत्सुओली नावाचं गाव आहे. सगळा परिसर ज्वालामुखीचा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने बांधकामावर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यात या भागातल्या एका भुकटीवर वेगळं प्रकरण आहे. ही भुकटी चुन्यात आणि दगडगोट्यांत मिसळली तर ते मिश्रण पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं, असं तो नोंदवतो. त्याला याचं फार आश्चर्य वाटलं होतं, आणि ते योग्यच होतं. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो, त्यामुळे पाण्यात बुडवून ठेवला तर तो मऊच राहतो. या राखेत सिलिका असते, आणि तीही काचेसारख्या अवस्थेतली, म्हणजे चुन्याशी संयोग करायला तयार असलेली. या गावावरून अशा सगळ्या पदार्थांना 'पोझोलाना' हे नाव पडलं.

आपल्याकडेही हे ज्ञान होतंच, फक्त ज्वालामुखीशिवाय. जुन्या वाड्यांच्या आणि पुलांच्या चुन्यात सुरखी घालायचे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. भाजलेली माती काय आणि ज्वालामुखीची राख काय, काम एकच: मोकळ्या चुन्याला पकडायचं आणि त्याचा दगड करायचा. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टनचं दीपगृह समुद्रातल्या खडकावर उभं केलं, तेव्हा त्यानेही इटलीहून पोझोलाना मागवली होती. पुढे १८२४ मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. हळूहळू सिमेंट सगळीकडे मिळायला लागलं आणि राख-सुरखी मागे पडली. सिमेंटला घाई चालते, राखेला चालत नाही. मागे पडायला तेवढं कारण पुरेसं असतं.

राख परत आली ती विजेमुळे. १९२० च्या सुमारास वीजकेंद्रांत कोळशाचं पीठ करून ते भट्टीत फवारायला सुरुवात झाली. कोळसा क्षणात जळतो, त्यातली माती वितळते आणि धुराबरोबर वर जाता जाता तिचे बारीक काचेचे गोळे होतात. डोळ्यांनी पाहिलं तर करडी पावडर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गोट्याच गोट्या. हीच ती उडती राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश. म्हणजे माणसाने नकळत एक कृत्रिम ज्वालामुखी चालू केला होता, आणि त्याची राख टाकायची कुठे हा प्रश्न होऊन बसला होता.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक रेमंड डेव्हिस यांनी १९३७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर या राखेच्या सिमेंटवर आणि काँक्रीटवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर १९४८ ते १९५३ या काळात मोंटाना राज्यात हंग्री हॉर्स धरण बांधलं गेलं. उंची ५६४ फूट, आणि त्याच्या काँक्रीटमध्ये एक लाख टनांहून जास्त राख. राख वापरण्याचं एक कारण पैसे वाचवणं हे होतं, आणि दुसरं म्हणजे सिमेंट घट्ट होताना निघणारी उष्णता. धरणासारख्या प्रचंड ठोकळ्यात ती अडकून तडे जातात. राख हळू काम करते, म्हणून उष्णताही हळू निघते.

पण मला सगळ्यात जास्त आवडला तो डेव्हिस यांचा १९५४ चा, काँक्रीटच्या पायपांबद्दलचा अभ्यास. त्यांनी राखेचं आणि बिनराखेचं अशा दोन्ही काँक्रीटमधून पाणी किती पाझरतं ते मोजलं. २८ व्या दिवशी राखेचं काँक्रीट साफ नापास! साध्या काँक्रीटपेक्षा त्यातून जास्त पाणी जात होतं. तेच सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तर निकाल उलटा. आता राखेच्या काँक्रीटमधून साध्यापेक्षा कितीतरी कमी पाणी जात होतं.

हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आमचा मिस्त्री २८ व्या दिवसाबद्दल बोलत होता!

म्हणजे नेमकं काय होतं? सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की दोन गोष्टी तयार होतात. एक चिकट-घट्ट जेल, जे खरी ताकद देतं. दुसरा मोकळा चुना. हा चुना ताकदीच्या दृष्टीने बिनकामाचा, शिवाय पाण्यात विरघळून हळूहळू बाहेर येणारा. राखेतली सिलिका या चुन्याला धरते आणि त्याचंही जेल करते. हे नवं जेल आतल्या बारीक बारीक वाटांमध्ये साचतं आणि पाण्याचे रस्ते बंद करतं. मात्र ही क्रिया आठवडे, महिने चालते. आमच्या भाषेत बोलायचं तर बॅकग्राउंडला चालणारा जॉब आहे. आणि त्याची एकच अट आहे: आत ओलावा हवा. वीट वाळली, की जॉब तिथेच थांबला. वाटा उघड्या त्या उघड्याच.

गंमत बघा. जी वीट पुढे पाणी पिऊ नये असं वाटतं, तिला आधी पोटभर पाणी पाजावं लागतं.

(इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण मी स्वतः पहिल्या वीकांताला त्यात घोळ घातला होता. वीट किती पाणी शोषून धरते हे एक, आणि पाणी तिच्यातून आरपार किती वेगाने जातं हे दुसरं. डेव्हिस यांनी मोजलं ते दुसरं. विटांच्या भारतीय मानकात मोजतात ते पहिलं. दोन्ही आतल्या छिद्रांवरच अवलंबून, पण आकडे एकमेकांशी लावू नयेत.)

मानकातली रीत सोपी आहे. वीट १०५ ते ११५ अंश सेल्सिअसला वजन कमी होणं थांबेपर्यंत सुकवायची, निववून वजन करायचं, २४ तास पाण्यात बुडवायची, बाहेर काढून पुसायची आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा वजन. वाढलेलं वजन भागिले सुकं वजन. साध्या ताकदीच्या भट्टीच्या विटेला २० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, जास्त ताकदीच्या विटेला १५. आणि राख-चुन्याच्या विटांचं २००२ चं मानक काय म्हणतं? तेच. २० आणि १५. कागदावर तरी दोघी बहिणी एकाच रेषेवर उभ्या आहेत.

आपल्याकडे राखेचा प्रवासही धरणापासूनच सुरू झाला. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या उत्तर प्रदेशातल्या रिहंद धरणात सुमारे १५ टक्के सिमेंटाऐवजी राख वापरली होती. महाराष्ट्रात अकोले तालुक्यातल्या घाटघर प्रकल्पाची धरणं तर रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, भारतातली तशी पहिलीच, आणि त्यांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटापेक्षा राखेचंच वजन जास्त. सह्याद्रीच्या त्या पावसात ती उभी आहेत.

विटांकडे सरकारने लक्ष दिलं ते १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने. कोळशाच्या वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटा करायच्या असतील तर किमान २५ टक्के राख मिसळा, असा नियम आला. २००३ मध्ये ५० चे १०० किलोमीटर झाले, २०१६ मध्ये ३००. राख खपवणं हा एक हेतू. पण अधिसूचनेत आणखी एक हेतू लिहिलेला आहे, तो म्हणजे शेतातली वरची माती वाचवणं.

इथे मला आमचं खालचं शेत आठवलं. आजोबांनी एका वाईट वर्षी त्या शेताची माती वीटभट्टीवाल्याला दिली. हातभर खोल माती गेली. तेव्हापासून तो तुकडा आजूबाजूच्यापेक्षा खाली आहे. दर पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि कपाशी पिवळी पडते. लाल विटेचा हिशोब करताना हे खातं आपण उघडतच नाही.

असो. नाताळात पुन्हा घरी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दोन बादल्या घेऊन अंगणात बसलो. ओव्हन नव्हता, त्यामुळे विटा चार दिवस उन्हात वाळवल्या. हा मानकातला प्रयोग नव्हे, तीन विटांवरून शास्त्रही होत नाही, हे आधीच कबूल. लाल वीट ३ किलो, २४ तासांनी साडेतीन. म्हणजे साधारण १७ टक्के. कारखान्यातून आठवड्यात उचललेली राखेची वीट २.९ किलो, भिजून साडेतीन. जवळजवळ २१. बाबा काही बोलले नाहीत, नुसते हसले. तिसरी वीट त्याच कारखान्यातली, पण दिवाळीपासून आईने गोणपाटाखाली ओली ठेवलेली. ३ किलो, भिजून साडेतीन. १७.

बाबांनी काटा पुन्हा शून्यावर आणून ती वीट स्वतः ठेवून पाहिली.

मग जरा वेळाने म्हणाले, "आजीच्या खोलीच्या विटा ट्रॅक्टरमधून उतरवताना कोपरे हातात येत होते. मे महिना होता. आठवड्याला एक टँकर. प्यायलाच पाणी नव्हतं, भिंतीवर कुठून मारणार?"

त्या खोलीच्या ओलीचं नेमकं कारण आता सिद्ध करता येणार नाही. छताचा उतार चुकला असेल, बाहेरचा गिलावा पातळ असेल. राखही कोणती होती कोण जाणे. तळ्यात वाहून टाकलेली जाडी राख आणि धुरातून पकडलेली कोरडी बारीक राख यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण कच्ची वीट, कोरडा मे आणि घाईचा गिलावा एवढं एकत्र आल्यावर कुठलीही वीट पाणी प्यायलीच असती. काँक्रीटच्या भारतीय मानकातही राख असेल तर किमान १० दिवस, आणि शक्यतो १४ दिवस पाणी मारा असं लिहिलंय. साध्या सिमेंटला ७ चालतात. राखेला जास्त दिवस लागतात हे कागदावर सगळ्यांना माहीत आहे. पण साइटवर वेळही नसतो आणि आमच्या खानदेशात मे महिन्यात पाणीही नसतं.

शेवटी ठरलं ते असं. विटा राखेच्याच, पण जानेवारीत आणायच्या, विहिरीला पाणी आहे तोवर. महिनाभर अंगणात ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या, आणि बांधकाम त्यानंतर. पाणी मारायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. काल फोनवर सांगत होते, रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, तुळशीच्या पाण्याबरोबरच.

आजी आता नाही. पण नव्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली तिच्या नावाने ओळखली जाणार आहे. ती कोरडी राहते का, ते दोन पावसाळ्यांनी इथेच लिहीन. तोवर चूकभूल द्यावी घ्यावी.