साखरेच्या कवट्या

मेक्सिकोत ऑक्टोबरअखेरीस तोलुका शहरातला बाजार पाहिला. कमानींखाली साखरेच्या कवट्या मांडलेल्या! २ नोव्हेंबरला पितर घरी येतात, त्यांच्यासाठी. आपल्या पाडव्याच्या गाठींसारख्याच साच्यातल्या. या मिठाईला तिथे आल्फेनिके म्हणतात. हा शब्द अरबी 'फानीद', फारसी 'पानीद' असा मागे मागे जात चक्क संस्कृत 'फाणिता'पाशी, म्हणजे आटवलेल्या उसाच्या रसापाशी पोचतो. ऊस तिकडे नेला स्पॅनिशांनी, १६व्या शतकात. शेजारी झेंडूचे ढीग होते. तो मात्र मूळचा तिथलाच, आपल्याकडे मागाहून आलेला. तिथे ते मृतांचं फूल. आपण दसऱ्याला दाराला बांधतो. असो. विकणाऱ्या बाईंनी नाव विचारलं. मी 'आबा' म्हटलं. तीनच रोमन अक्षरं, त्यांनी गुलाबी साखरेने काढून दिली.