अरेंजर की वर्कस्टेशन? हौशी वादकांसाठी कीबोर्डची निवड

गणेशोत्सव आणि कोजागरीचे कार्यक्रम जवळ आले की सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो: घरी कीबोर्ड घ्यायचा आहे, कोणता घ्यावा? दुकानात ‘अरेंजर’ आणि ‘वर्कस्टेशन’ हे दोन शब्द कानावर पडतात. दोन्ही दिसायला सारखे, काम मात्र वेगळे. निवड चुकली तर वाद्य कपाटावर जाते आणि मुलांची हौसही विरते. म्हणून हा फरक येथे देत आहोत.

अरेंजर

अरेंजर म्हणजे साथीदार आत बसवलेला कीबोर्ड. डाव्या हाताने कॉर्ड धरला की ताल, बेस, गिटार अशी साथ त्या कॉर्डप्रमाणे सुरू होते. उजव्या हाताने चाल वाजवायची. साथीच्या नमुन्याला ‘स्टाईल’ म्हणतात. तिचे इंट्रो, व्हेरिएशन, फिल, एंडिंग हे भाग बटणांनी बदलता येतात. घरगुती अरेंजरला बहुधा स्पीकर अंगचेच असतात. यामाहाची पीएसआर आणि कोर्गची पीए मालिका या प्रकारातली. यामाहा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओ सीटी-एक्स८७०आयएन या खास भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत भारतीय वाद्यांचे आवाज आणि ठेकेही मिळतात.

वर्कस्टेशन

१९८८ साली आलेल्या कोर्ग एम१ने हा प्रकार लोकप्रिय केला. वाद्यांचे आवाज, ड्रम, इफेक्ट आणि ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर एकाच वाद्यात आले. पुढे यामाहा मोटिफ, रोलँड फँटम, कोर्ग क्रोनॉस ही नावे गाजली. येथे कॉर्डमागे चालणारी तयार साथ मिळेलच असे नाही. ठेका, बेस, व्हायोलिन एकेक वाजवून ध्वनिमुद्रित करायचे आणि गाणे उभे करायचे. आवाज आतून घडवण्याची मुभा मोठी, पण शिकायला वेळ लागतो. स्पीकर बहुधा नसतात; हेडफोन किंवा अॅम्प्लिफायरचा खर्च वेगळा धरावा.

आपल्या गाण्यांसाठी

भावगीते आणि चित्रपटगीते यांना अरेंजर सोयीचा. केहरवा (८ मात्रा) आणि दादरा (६ मात्रा) सहज जमतात. रूपक (७) किंवा झपताल (१०) हवा असेल तर तो ठेका वाद्यात आहे का, हे आधी पाहावे. लावणीची ढोलकी आणि अभंगाचा पखवाज कसा वाजतो, तेही ऐकूनच ठरवावे.

रागावर आधारलेल्या नाट्यगीतात कॉर्डची साथ रागाबाहेरचे स्वर आणू शकते. अशा वेळी साथ बंद ठेवून फक्त ठेका किंवा तानपुरा लावावा. शिवाय कीबोर्डचे १२ स्वर समान अंतरावर असतात. त्यामुळे त्याचा गंधार तानपुऱ्याशी जुळणाऱ्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. ‘स्केल ट्यून’ची सोय असेल तर तो उतरवता येतो.

गायकाच्या पट्टीसाठी ट्रान्सपोज बटण आहे. पांढरी एकवरची बोटे तीच ठेवून काळी एकसाठी +१, पांढरी चारसाठी +५, काळी चारसाठी −४ आणि काळी पाचसाठी −२ लावावे.

घेण्यापूर्वी तपासा

• ६१ पट्ट्या आणि टच रिस्पॉन्स (हळू-जोरात दाबल्याचा फरक) आहे का?
• मींडेसाठी पिच बेंड व्हील आहे का? स्वस्त मॉडेलांत ते नसू शकते.
• सस्टेन पेडल आणि यूएसबी जोडता येते का?
• सभागृहाच्या साउंड सिस्टिमला जोडायला आउटपुट आहे का?
• अॅडॅप्टर मूळ आहे का आणि गावात दुरुस्ती होते का?

मग काय घ्यावे?

घरी एकट्याने वाजवायचे, गाणाऱ्याला साथ करायची किंवा मुलाला सुरुवात करून द्यायची असेल तर अरेंजर घ्यावा. तबला-ढोलकी वाजवणारे सोबती असतील, स्वतःच्या चाली बांधून मुद्रित करायच्या असतील तर वर्कस्टेशनचा विचार करावा. महागड्या अरेंजरमध्येही सिक्वेन्सर असतो, त्यामुळे थोड्याशा मुद्रणासाठी दुसरे वाद्य घ्यायची गरज नाही. मुलाला रागदारी शिकायची असेल, तर आधी पेटीच बरी.

दुकानात नुसते डेमोचे बटण दाबू नका. डेमो सगळेच छान वाजतात. घरात रोज गायले जाणारे एक गाणे निवडा, तेच दोन्ही वाद्यांवर दहा-दहा मिनिटे वाजवा आणि ज्याला वाजवायचे आहे त्यालाच ठरवू द्या.