अतिदक्षता विभागातील संभ्रमावस्था

गंभीर आजारात मेंदूचे काम काही तासांत किंवा दिवसांत विस्कटून रुग्णाचे लक्ष टिकेनासे होते, स्थळकाळाचे भान सुटते आणि ही स्थिती दिवसभरात कमीजास्त होत राहते. नातेवाईक म्हणतात, ‘वात झालाय.’ जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता, रक्तातील सोडियमची घट, झोपमोड आणि मिडॅझोलॅम, लोरॅझेपॅमसारखी गुंगीची औषधे ही नेहमीची कारणे. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच.

रुग्णाला आतून सारे खरेच वाटते. नळी उपसू नये म्हणून बांधलेले हात त्याला कोणीतरी डांबून ठेवल्याची खूण वाटतात. छतावर मुंग्या दिसतात. औषध द्यायला आलेली परिचारिका विष घालते आहे, अशी खात्री पटते. कोणी लावणी अर्धी राहिली म्हणून खाटेवरून उतरू पाहतो. गप्प पडून राहणारा रुग्ण मात्र ‘शांत झोपलाय’ म्हणून नजरेतून सुटतो. हा प्रकार अधिक आढळतो, म्हणून त्याचीच अधिक काळजी घ्यायला हवी. संभ्रम ओळखण्यासाठी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ठरावीक अक्षर ऐकू येताच हात दाबायला सांगतात. घशात नळी असली तरी ती करता येते. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रे वापरता येतात.

महाड-पोलादपूरच्या भातशेतीच्या पट्ट्यात दोन प्रसंग वेगळे ओळखावे लागतात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत अॅट्रोपिन जीव वाचवते. पण ते जास्त झाले की तोंड कोरडे पडते, अंग तापते, बाहुल्या विस्फारतात आणि रुग्ण चादर चिमटत हवेत काहीतरी पकडू लागतो. तेव्हा अॅट्रोपिन थोपवून मात्रा कमी करतात.

मण्यारदंशात उलटे घडते. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावा कळतही नाही; पहाटे पोट दुखते, पापण्या मिटतात, श्वास थांबू लागतो. व्हेंटिलेटरवरील हा रुग्ण बेशुद्ध, कधी मेलेलाही वाटतो, पण बहुधा सारे ऐकत असतो. त्याच्या खाटेशेजारी ‘आता काही खरं नाही’ असे बोलणे क्रूर आहे. विंचूदंशावरील प्राझोसिन उपचारासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर (पद्मश्री, २०२२) यांनी मण्यार व नागदंशाच्या ग्रामीण उपचारांवरही लिहिले आहे.

संभ्रमावर हमखास औषध नाही. मूळ कारण दूर करणे, गुंगी कमी ठेवणे, रात्री दिवे मंद करणे, चष्मा व श्रवणयंत्र परत देणे, लवकर उठवून बसवणे हेच उपचार. आपल्या बोलीत ‘आई, तू महाडला दवाखान्यात आहेस, आज सोमवार’ असे सांगणारी लेक खाटेपाशी असणे फार मोलाचे; भेटीची वेळ काटेकोर आखताना रुग्णालयांनी हे ध्यानात घ्यावे. घरी गेल्यावरही काहींना ती भयंकर दृश्ये खऱ्या घटनांपेक्षा स्पष्ट आठवतात आणि झोप लागत नाही. अशांसाठी युरोपातील काही रुग्णालयांत परिचारिका व नातेवाईक रोजची हकिकत वहीत लिहून ठेवतात. पुढे रुग्ण ती वाचून कोणत्या दिवशी खरोखर काय घडले ते जुळवून पाहतो.